राहिलेला डॅश

"पण हा य एकटा बाजूला का निघत नाही?"

मास्तरांनी पेन्सिल वहीवर आपटली.

यासीनबाबा दर्ग्याच्या भिंतीला चुना देत होते. त्यांचा कुंचा खालून वर गेला, वरून खाली आला आणि बादलीत बुडाला.

"मी काहीतरी विचारतोय, बाबा."

"ऐकलं की. कालही विचारलंत, परवाही विचारलंत."

"मग सांगा ना, काय करू ते."

"निघत नाही तर नका काढू."

मास्तरांना राग आला. यायचाच. मार्तंडराव बेलसरे म्हणजे गावच्या हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर. अडतीस वर्षं त्यांनी बीजगणित शिकवलं, दोन पिढ्यांचे कान पिळले आणि त्या कानांत एकच मंत्र ओतला : हवं ते अक्षर एका बाजूला घ्या, बाकीचं सगळं दुसऱ्या बाजूला. समीकरण असो की सोयरीक, मास्तरांची रीत हीच होती.

आणि आता अडुसष्टाव्या वर्षी हाच माणूस रोज सकाळी काठी टेकत टेकडी चढायचा आणि दर्ग्यात बसून कॅल्क्युलस शिकायचा. गाव तोंडावर पदर धरून हसत होतं. हेडमास्तरांना कोणी शिकवतंय, हे गावाला फार दिवसांनी मिळालेलं सुख होतं.

यासीनबाबांनी शहरातल्या कॉलेजात तीस वर्षं गणित शिकवलं होतं. बायको गेल्यावर ते या टेकडीवर येऊन राहिले. झाडलोट करायची, सांजेला दिवा लावायचा. कोणी गणित घेऊन आलं तर गणित, कोणी दुःख घेऊन आलं तर चहा. उरूस चार दिवसांवर होता, म्हणून सध्या चुना.

मास्तर गणितही घेऊन आले होते आणि दुःखही. सांगितलं होतं फक्त गणिताचं.

ते गणित एका जुन्या वहीत होतं. वही वैजूची.

वैजू, म्हणजे वैजयंता, मास्तरांची एकुलती एक लेक. चौदा वर्षांपूर्वी ती बी.एस्सी. करत होती आणि पुढे पुण्याला जाऊन गणितच शिकणार म्हणत होती. मास्तरांनी स्थळ पाहून ठेवलं होतं. एके दुपारी ते म्हणाले, "रविवारी पाहुणे येतायत." वैजू गणित सोडवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मी बसणार नाही, नाना." मास्तरांनी तिच्या हाताखालची वही ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन निघाली. मास्तर ओटीवरून म्हणाले, "गेलीस तर या उंबऱ्यात परत पाऊल टाकू नकोस."

तिनं ते शब्दशः घेतलं. शेवटी लेक कोणाची!

तेव्हापासून दर गुरुवारी मास्तरांच्या पत्नी सुभद्राबाई आतल्या खोलीतून लेकीशी फोनवर बोलतात. मास्तर ओटीवर पेपर घेऊन बसतात. तास होतो, पण पान उलटत नाही. फोनमधून बारीक कुजबुज तेवढी ऐकू येते, शब्द कळत नाहीत. चौदा वर्षं मास्तरांनी लेकीचा आवाज एवढाच ऐकला होता, आणि तेवढ्यासाठी ते बुधवारपासून गुरुवारची वाट बघायचे. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

तीन महिन्यांपूर्वी कपाट आवरताना ती वही सापडली. अर्ध्यावर राहिलेलं गणितही सापडलं. मास्तरांनी चार वेळा पत्र लिहायला घेतलं, चारही वेळा "चि. वैजयंतास" पाशी फाडलं. जन्मभर लाल शाईनं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या हाताला स्वतःची चूक लिहिता येईना. मग त्यांनी ठरवलं, हे गणित पुरं करायचं आणि वही तिला पाठवून द्यायची. काय ते ती समजेल.

पण मागच्या गुरुवारी सुभद्राबाई फोन ठेवून ओटीवर आल्या.

"वैजू जर्मनीला चाललीय. संशोधनाला. पंधरा दिवसांनी विमान आहे, मग तीन वर्षं येणार नाही."

मास्तर पेपरात बघत राहिले.

"म्हटलं, जायच्या आधी येऊन जा. म्हणाली, नानांनी बोलावलं तर येते. एक फोन करा, एवढंच म्हणते मी."

"बघू."

"सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही," असं म्हणून बाई आत गेल्या.

त्या दिवसापासून मास्तर या गणितावर नुसते तुटून पडले होते. क्षचा घन आणि यचा घन यांची बेरीज ही क्ष आणि यच्या गुणाकाराच्या सहापट. क्षही तीन, यही तीन, तिथल्या स्पर्शिकेचा चढ काढा. एवढंच गणित. पण त्यात क्ष आणि य एकमेकांत असे गुंतलेले, की कुठूनही ओढलं तरी य मोकळा होईना.

"गुंतलेले आहेत तर तसेच राहू द्या," यासीनबाबा म्हणाले. "आहे त्याच समीकरणाचं विकलन करा. क्ष किंचित हलला तर आणखी काय काय हलतं, तेवढं ओळीनं लिहा."

मास्तरांनी लिहिलं. बाबा कुंचा हातात घेऊनच वाकले.

"डॅश राहिला."

"कुठं?"

"यच्या पुढं. कालचाच."

डॅश म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची एवढीशी रेघ. क्ष हलल्यावर य किती हलला, त्याची ती खूण. यचं विकलन केलं की ती लिहावीच लागते. मास्तर ती रोज विसरत होते. पोरांना "पालथ्या घड्यावर पाणी" म्हणून हिणवणाऱ्या मास्तरांचा स्वतःचा घडा आठ दिवस पालथाच होता.

"क्षला डॅश लावत नाही, मग यलाच कशाला?"

"क्षला तुम्ही हलवताय, मास्तर. य त्याच्यापायी हलतोय."

"य आपल्या जागी आहे की."

"कोण म्हणतं?"

मास्तरांनी वही पुढं सरकवली. "ही बघा. ही वैजूची ओळ. तीन क्षचा वर्ग, अधिक तीन यचा वर्ग. कुठाय डॅश? माझ्या लेकीची गणितात एक चूक दाखवा, मी ही टेकडी परत चढणार नाही."

माझ्या लेकीची... चौदा वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आले होते. त्यांचे त्यांनाच ते कानाला टोचले.

बाबांनी ती ओळ पाहिली. यच्या वर्गापासून एक निळी रेघ सुटली होती आणि तिरकी पळत पळत कागदाच्या कडेपर्यंत गेली होती.

"ही रेघ कशाची?"

"वही ओढली गेली. लिहिता लिहिता."

"कोणी ओढली?"

खाली गावात कोणाची तरी म्हैस हंबरली. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी."

बाबांनी वही परत मास्तरांकडं सरकवली. भिंतीचा खालचा भाग पुरा झाला होता. त्यांनी बांबूची शिडी टेकवली, छोट्या डब्यात चुना घेतला आणि वर चढले.

"मास्तर, जरा शिडी धरता?"

मास्तरांनी शिडी धरली. बाबा चौथ्या पायरीवर उभे राहून कुंचा मारू लागले.

"फार उभी लागलीय. पाय थोडा मागं घ्या, भिंतीपासून लांब."

"तुम्ही वर असताना?"

"एक वीतभर. घ्या."

मास्तर वाकले. काम नेमकं करायची सवय. दोन्ही हातांनी त्यांनी शिडीचा पाय धरला, फरशीच्या रेषेवर नजर ठेवली आणि ओढला. बरोबर एक वीत.

वर काहीतरी खरडल्याचा आवाज आला. डबा कलंडला आणि चुन्याची धार मास्तरांच्या टकलावर पडली.

"अहो! पडलो असतो की मी!"

"तुम्हीच म्हणालात, मागं घ्या!"

"वर बघा."

मास्तरांनी वर पाहिलं. यासीनबाबा होते त्याहून खाली आले होते. दोन्ही तळवे त्यांनी भिंतीला घट्ट लावले होते, आणि ओल्या चुन्यात वरपासून खालपर्यंत त्या तळव्यांची ओढत आलेली खूण उमटली होती.

"मी खाली आलो. दिसलं नाही?"

"मी..." मास्तरांच्या भुवईवरून चुना ओघळत होता. "मी शिडीचा पाय बघत होतो."

"हं."

बाबा सावकाश उतरले. त्यांनी आपल्या खांद्यावरचं फडकं मास्तरांना दिलं. मास्तरांनी ते हातात नुसतं धरून ठेवलं. त्यांची नजर त्या भिंतीवरच्या खुणेवरून हलत नव्हती.

मग ते वहीपाशी जाऊन बसले.

त्यांनी गणित पहिल्यापासून वाचलं. क्षचा घन, त्याचे तीन क्षचा वर्ग. यचा घन, त्याचे तीन यचा वर्ग, आणि पुढं... पेन्सिल थांबली. ती जिथं टेकायला हवी होती, तिथूनच ती निळी रेघ सुटली होती.

"बाबा..."

"बोला."

"ती लिहिणारच होती."

मास्तरांनी त्या रेघेवर बोट ठेवलं.

"पेन तिनं डॅशसाठीच टेकवलं होतं. आणि मी..."

चौदा वर्षं मास्तर समजत होते, की आपण शब्द टाकला, बाजूला झालो, आणि पोर अजून तिथंच बसली आहे. त्याच चटईवर, मान खाली घालून, वीस वर्षांची. आपण हाक मारली की वर बघेल. आता चौतीस वर्षांची कोणी बाई बॅगा भरत होती आणि तिचा चेहरा त्यांना ठाऊक नव्हता.  

त्यांनी रेघेच्या सुरुवातीला य लिहिला, आणि त्याच्या डोक्यावर डॅश. डॅश जरा वाकडा आला.

पुढचं भराभर झालं. डॅशवाले सगळे एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. तेवढं बीजगणित तर मास्तरांना झोपेतही येत होतं. य-डॅश मोकळा झाला, पण उत्तर पाहून ते परत अडले.

"उत्तरात क्षही आहे आणि यही. हे कसलं उत्तर?"

"असंच असतं ते. दोघं कुठं उभे आहेत ते कळल्याशिवाय चढ सांगता येत नाही. आता घाला, क्ष तीन, य तीन."

मास्तरांनी तीन घातले. वर सहातून नऊ गेले. खाली नवातून सहा.

"उणे एक."

"म्हणजे काय?"

"म्हणजे चढ नाही, उतार. क्ष जेवढा पुढं रेटतो..." मास्तर थांबले.

"हं?"

"...य तेवढाच मागं हटतो."

वारा आला. वहीचं पान उडू लागलं तसा मास्तरांनी त्यावर हात ठेवला. बराच वेळ त्यांनी तो उचलला नाही.

"ती चाललीय, बाबा. जर्मनीला. आठ दिवस राहिलेत. बोलावलं तर येते म्हणाली." एकदा बोलायला लागल्यावर त्यांना थांबता येईना. "मी ही वही पाठवणार होतो. पण पोस्टानं ती पोचेपर्यंत विमान उडालेलं असेल. मला तिला बघायचंय हो. नुसतं बघायचंय. ती जेवताना अजून डाव्या हातानं पाणी पिते का, तेवढं बघायचंय."

बाबा कुंचा पिळत होते.

मास्तरांनी खिशातून फोन काढला. सुभद्राबाईंनी नंबर घालून दिलेला होता, चौदा वर्षांत कधी न लावलेला. फोन त्यांनी वहीवर ठेवला, उचलला, परत ठेवला.

"मी नमतं घेतलं... आणि तरी ती नाहीच आली तर?"

यासीनबाबांनी कुंचा उचलला. ते डबा भरून परत शिडीवर चढले. छताखालचा एक पट्टा अजून काळाच होता. त्यांनी हात लांब केला, पण कुंचा तिथवर पोचत नव्हता.

"मास्तर," ते वरून म्हणाले, "शिडीचा पाय थोडा भिंतीकडं घ्या. आणि या वेळी माझ्याकडं बघत घ्या."