राणीच्या हातात फणी

लग्नाची हळद अजून उतरली नव्हती, तोच राजा गंभीररावानं नव्या राणीला बजावलं, "आमच्या बकुळेची आई व्हायचं! पाडव्याच्या आत तिनं तुम्हाला आई म्हणायला हवं. आणि सावत्रपणा चालायचा नाही. तुमच्यामुळं पोरीच्या डोळ्यातून एक टिपूस जरी पडलं, तर पालखी थेट माहेरी!"

घ्या आता! आई तर व्हायचं, पण पोरीला रडवायचं नाही! असली आई कुणी बघितलीय का? पण राजाला सांगणार कोण? भारी हट्टी बुवा! एकदा हत्ती दारातून आत येईना, तर यानं दार मोठं करायचं सोडून हत्ती बारीक करायला वैद्य बसवला होता.

बकुळा सहा वर्षांची. तिची आई ती रांगत असतानाच गेली. नवी राणी कमळजा जिवाची चांगली, पण माहेरी जायच्या भीतीनं करणार काय? पोरगी लाडू म्हणाली की लाडू. आंघोळ नको म्हणाली की नको. वेणी नको, बरं बाई, नको! बकुळा लाडू खायची, "आभारी आहे, राणीसाहेब," म्हणायची, पाय जुळवून बसायची आणि खराखरा डोकं खाजवायची.

का म्हणजे? उवा! राजकन्येचं डोकं म्हणून उवा काय मुजरा करून परत जातात? तोंडं वाकडी करू नका, तुमच्याही डोक्यात होत्या. दाया फणी घेऊन आल्या की बकुळा भोकाड पसरायची, आणि दाया राजाच्या भीतीनं पळायच्या. उवांची नुसती चैन!

पाडवा तोंडावर आला. 'आई'चा पत्ता नाही. राणी मागच्या अंगणात येऊन मुसमुसायला लागली. तिथं धुरपा राखेनं कढई घाशीत होती. वाड्यातली भांडी तिच्याकडं.

"काय झालं, राणीसाहेब?"

"बकुळा मला आई म्हणत नाही गं!"

"कशी म्हणंल? तुमी तिला पाव्हणी करून ठेवलीया! पाव्हणीला लाडू द्यायचे असत्यात. लेकीच्या उवा काढायच्या असत्यात!"

"ती रडेल ना!"

"रडू द्या की!"

"आणि पालखी?"

"पालखीचं माझ्याकडं लागलं. भोई माझाच भाचा हाय. मी सांगितल्याबिगर उचलतोय व्हय!"

राणीनं डोळे पुसले आणि पदर खोचला. बकुळेला ओढत अंगणात आणलं, गुडघ्यांत गच्च धरलं, टाळूवर पळीभर तेल ओतलं आणि फणी घातली.

"मेले! मेले!" बकुळा किंचाळली.

"तू कशाला मरतेस? या मेल्या बघ!" राणी नखावर टिचटिच करत होती.

बकुळा कडकडून चावली. राणीनं पाठीत एक धपाटा घातला. "हलशील तर अजून एक बसेल!"

असा गळा काढला पोरीनं की राजा अनवाणीच धावत आला!

"रडवलीत! मारलंत! पालखी आणा!"

पालखी दारात लागली. बकुळा तेलानं चपचपलेली, कोपऱ्यात फुरंगटून बसलेली. राणीच्या हातात तशीच फणी. तेवढ्यात धुरपा राखेच्या हातानंच पुढं आली.

"महाराज, राणीसाहेबांस्नी खुशाल धाडा. पण त्यांच्या जागंवर लेकराला कधी न रडवलेली आई आणून बसवा. म्या जलमभर फुकट भांडी घाशीन!"

"त्यात काय! पिटा दवंडी!"

दवंडी फिरली. नगरातल्या बाया पोटं धरधरून हसल्या. दुपार टळली तेव्हा एकजण आली, कालच बाळंत झालेली, बाळ गाढ झोपलेलं.

"बघ!" राजा खूश होऊन वाकला. त्याच्या मिशा लागल्या आणि बाळानं टाहो फोडला.

"मिशांमुळं नव्हं, महाराज," बाई ओशाळून म्हणाली, "पाजायला उशीर केला मीच. येते मी."

सगळे खुसखुसले. राजा धुरपावर चिडला. "त्या खऱ्या आया! त्यांनी रडवलेलं चालतं. ही सावत्र आहे! हिनं रडवलं ते आईचं रडवणं, हे सिद्ध कर. नाहीतर राणीच्या मागून तूही चालती हो!"

राणीचं तोंड उतरलं. धुरपा म्हणाली, "लई सोपं! आता तुमी रडवा पोरीला."

"मी? मी तिला कधी मोठ्यानं बोललोसुद्धा नाही!"

"म्हणूनच म्हंते. हाणा एक आरोळी!"

हट्टाला पेटलेला राजा, त्यानं छाती फुगवली. "बकुळे! ऊठ! तोंड धू!"

कबुतरं उडाली. बकुळा दचकली, ओठ काढला आणि रडत पळत सुटली. दायांनी हात पसरले, त्यांना चुकवून गेली. एकीनं लाडवांचं ताट पुढं केलं, ते उलथवून गेली. आणि जिनं केस ओढले, जिनं धपाटा घातला, तिच्याच पोटात तेलकट डोकं खुपसून हुंदके देत म्हणाली, "आई, बघ ना गं! ते माझ्यावर ओरडले!"

राणीच्या हातातली फणी खाली पडली. तिनं पोरीला उराशी घट्ट धरलं आणि राजावरच डोळे वटारले, "एवढ्यांदा ओरडतात का लेकराला!"

राजाचा आ वासलेला.

धुरपा म्हणाली, "परक्यानं रडवलं तर लेकरू आईकडं पळतं, महाराज. आणि आईनं रडवलं, तरी शेवटाला आईकडंच पळतं! पालखी माघारी धाडू न्हवं?"

राजानं मान हलवली. मग जरा रुसूनच विचारलं, "आणि मी? मी तर तिला आजवर कधी रडवलं नव्हतं! मी कोण मग?"

"तुमी आत्तापतूर राजे होता," धुरपा म्हणाली. "बाप आत्ताच झालात! जावा, समजूत काढा लेकीची!"

राजा आधी गोरामोरा झाला. मग जो हसत सुटला, तो पालखीचा दांडा धरूनच खाली बसला! हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं धुरपाला दिलं. धुरपानं ते आधी दातानं चावून बघितलं, आणि मगच मुजरा केला.