मैनेचा होकार

अगं ऐक ना, गोष्ट जुनी आहे, पण मला आत्ताच कळलीय! नदीकाठी एक राघू हत्तींना वाट सांगायचा. टिटवी त्याला म्हणाली, “राघूदादा, मी वाळूत अंडी घातलीत. हत्तींना तिकडून पाठवू नका हं. लक्षात ठेवलंत ना? मग मी खायला शोधायला निघते.”

“थांब. मी नसलो की पलीकडच्या काठावरची मैना हत्तींना वाट सांगते. तिनंही पाठ केलं, की मगच ‘पक्कं’ म्हणेन.” त्यानं हाक मारून निरोप दिला. उत्तर येईना.

“अहो, भुकेनं जीव चाललाय! एवढंसं लक्षात राहत नाही तुमच्या?”

“राहतं गं. पण माझ्याच डोक्यात फांदी पडली तर?”

राघू काही बधला नाही. अखेर मैना ओरडली, “पाठ झालं!”

“आता पक्कं. जा.”

दुपारी वादळात खरंच फांदी पडली आणि राघू बेशुद्ध झाला. तेवढ्यात हत्ती आले, पण मैनेनं त्यांना वळवलं.

राघूच्या जागी तू असतीस, तर टिटवीची बोलणी खात मैनेच्या होकारासाठी थांबली असतीस?