पेद्रू मास्तरच्या कबरीवरचा वेल

बाई, हात मागे घ्या. हौसेनं तोडायच्या शेंगा नाहीत त्या, खाजकुइली आहे. अख्ख्या कबरस्तानात ती या एकाच कबरीवर उगवते, आणि ही कबर पेद्रू मास्तरची. मघाशी देवळाबाहेर पाहिलंत ना, गाणारे आपापले पांढरे झगे उलटे करून झटकत होते? तुम्ही हसलात. हसा, पण त्या झटकण्याचं आणि या वेलाचं मूळ एकच आहे.

फार जुनी गोष्ट. आमच्या केळझरीत पेद्रू मास्तर गाणाऱ्यांचा मुख्य होता आणि लोरेस नावाचा बागायतदार त्यांच्यात गायचा. त्याचा आवाज ऐकून गुरं रवंथ थांबवायची, म्हणे. एका सणाला भर मिस्सेत, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेत, मास्तरचा आवाज चिरकला आणि लोरेसनं तोच सूर उचलून गाणं पार नेलं. लोकांनी लोरेसची पाठ थोपटली. मास्तरला ते कायमचं सलत राहिलं.

गाणारा मेला की त्याला त्याच्या झग्यातच पुरायचं, ही इथली रीत. झगा पाहून स्वर्गात त्याला गाणाऱ्यांच्या रांगेत घेतात, असं आमचे जुने लोक मानत. लोरेस तापानं गेला तेव्हा त्याची बायको पास्किन झगा मागायला गेली. झगे धुवायचं काम तिचंच, पण झग्यांच्या पेटीची किल्ली मास्तरकडे. तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "मेलेल्याला गाता येत नाही. झगा कशाला वाया घालवायचा?"

पास्किन त्याच्या पाया पडली. दगडाला पाझर फुटेल, पण त्याला नाही. शेवटी लोरेसला लग्नातल्या कोटात पुरलं. कोटातल्या माणसाला वर कोण गाणारा म्हणेल, या विचारानं तिच्या घशाखाली घास उतरेना. मग तिनं मनाशी गाठ बांधली. लोरेसला झगा मिळेल, आणि तो मास्तरच्या अंगावरून उतरलेला असेल.

पौषात देवळाचा सण आला. बिशप येणार म्हणून सगळे झगे तिच्याकडे धुवायला आले. मास्तरचा झगा तिनं सगळ्यांत पांढरा धुतला, कांजी करून कडक इस्त्री फिरवली आणि बांधावरच्या वाळक्या खाजकुइलीची कुसं आतून, गळ्यापासून कमरेपर्यंत चोळली.

मिस्सा सुरू झाली. पास्किन पुढच्याच बाकावर, डोळे मास्तरच्या मानेवर. पहिल्या गाण्याला त्यानं नुसती मान हलवली. दुसऱ्याला हात पाठीमागे गेला. तिसऱ्याला तो वेदीसमोर अंग ओरबाडत नाचू लागला आणि अखेर बिशपच्या देखत झगा फाडून काढून, फाटक्या गंजिफ्रॉकात तळ्याकडे पळत सुटला. पास्किनला बरं वाटलं. का वाटू नये?

ती उठली. उघड्या हातांनी तो झगा उचलून इथे आली आणि नवऱ्याच्या कबरीवरची माती उकरू लागली. सगळं गाव मागोमाग. हात सुजून लाल झाले तरी तिनं एकदाही खाजवलं नाही, असं सांगतात. मास्तर निथळत, ओरडत आला. तो देवळाचा झगा आहे, परत दे, म्हणाला.

पास्किननं वरही पाहिलं नाही. "मेलेल्याला खाजही येत नाही, मास्तर," ती म्हणाली. "हा लोरेसला चालेल."

कुणी तिला अडवलं नाही. गाणाऱ्यांनी पेटीची किल्ली त्याच दिवशी मास्तरकडून काढून तिला दिली.

पुढे मास्तरही थकून गेला. मुख्यपण गेलं होतं, पण मरताना झगा मागून गेला. त्याचा मुलगा पास्किनच्या दारात आला. तिनं त्याला बसवलं, पाणी दिलं आणि किल्ली कमरेला तशीच ठेवून ती म्हणाली, "तुझ्या बापानंच शिकवलंय, बाबा. मेलेल्याला गाता येत नाही."

मास्तरला बिनझग्याचं पुरलं. त्यानंतर म्हातारी पास्किन रोज संध्याकाळी घागर घेऊन त्याच्या कबरीवर पाणी घालताना दिसायची. लोकांचे डोळे भरून यायचे. शेवटी माफ केलं हो बिचारीनं, म्हणायचे.

मग मातीतून हा वेल वर आला.

आजही आमच्याकडे गाणारा गेला की कुणी न मागता त्याचा झगा त्याच्या घरी पोचतो. आजही दर पावसाळ्याआधी आम्ही हा वेल मुळासकट उपटतो, आणि पौषात तो पुन्हा शेंगांनी लगडलेला असतो. पाणी कोण घालतं, ते आम्ही विचारत नाही.