पोचलं म्हणेपर्यंत

ओढ्याच्या अलीकडं तो जुना वडाचा पार दिसतो ना, तिथं महिन्यातून चार-पाच वेळा एक माणूस हलगी घेऊन उभा राहतो. तुमच्या नव्या प्लॉटांकडं तोंड करून ग्रामपंचायतीची दवंडी देतो. पाणी कधी येणार, घरपट्टीचा कॅम्प कधी, पोलिओचा डोस कुठं, ग्रामसभा किती वाजता. दवंडी देऊन झाली तरी तो जात नाही. उन्हात उभाच राहतो.

तुमच्यातल्या काहींनी गेल्या ग्रामसभेत तक्रार केली, की हा माणूस आमच्या घरांकडं टक लावून बघत असतो, याला काय पाहिजे. तक्रार बरोबर आहे. अनोळखी माणूस दारासमोर घटकाभर उभा राहिला तर कुणालाही तसं वाटेल. तो माझा पुतण्या, शिवदास. त्याच्या आधी पारावर मी उभा राहायचो, गुडघे गेले तोवर. म्हणून सरपंच वैजयंताबाई मला म्हणाल्या, "तात्या, तुम्हीच त्यांना सांगा. माझ्यानं ते नीट सांगून होणार नाही."

सांगतो. पण हळूहळू सांगीन.

आता तुमची घरं आहेत तिथं फार पूर्वी कुंभारवाडा होता. सात घरं, सगळी एकाच भावकीची. ओढ्याकाठची माती चिकण, म्हणून ते खाली राहिले. गाव पलीकडं उंचावर, पांढरीवर, म्हणजे जुन्या गावठाणावर. आणि दोन्हींच्या वर डोंगराच्या कुशीत थोरला तलाव. तलावाला एका अंगाला सांडवा, म्हणजे भरून वाहिलेलं पाणी जायची वाट. ती वाट ओढ्यातच उतरते.

त्या वर्षी हस्ताचा पाऊस नऊ दिवस लागून राहिला असं सांगतात. दहाव्या दिवशी उघडला, ऊन पडलं, लोकांनी घोंगड्या वाळत घातल्या. पण डोंगराचं पाणी तलावात उतरतच होतं. दुपारी कुणीतरी येऊन सांगितलं, बांध गावाच्या बाजूला पाझरायला लागला आहे. मातीचा बांध एकदा पाझरायला लागला की त्याचा भरवसा नसतो. तो फुटला असता तर पांढरी राहिली नसती.

हैबती पाटलांनी चार माणसं बसवली आणि ठरवलं. उद्या सूर्य कासराभर वर आला की सांडव्याचं तोंड उकरून मोठं करायचं आणि पाणी ओढ्यात सोडायचं. गाव वाचेल. कुंभारवाड्यात पाणी शिरेल, पण माणसं आधीच वर आणली तर भिंतीच जातील, आणि भिंती पुन्हा बांधता येतात. ठरवलं ते चुकीचं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ऐकणारे पाटलांना शिव्या घालतात.

दवंडी द्यायला रायनाक निघाला. आमच्या घराण्याचा मूळ पुरुष. त्याचा आवाज म्हणे असा होता की तो वेशीत बोलला तर मळ्यातला माणूस हातातलं काम थांबवायचा. त्यानं पांढरीवरच्या सगळ्या आळ्या केल्या. "ऐका हो ऐका! उद्या सकाळी सांडवा उकरायचा हाय! ओढ्याकाठच्यांनी गुरंढोरं घेऊन देवळाच्या माळावर यायचं हो!" मग ओढ्यातल्या दगडांवरून पाय टाकत तो कुंभारवाड्याच्या तोंडाशी आला, आणि थांबला.

कुंभारवाड्यातला राणोजी म्हातारा वारला, त्याचा तो नववा दिवस होता. सातही घरं एका भावकीची, म्हणजे सातही घरांना सुतक. दवंडीची हलगी सुतकाच्या दारात वाजवायची नाही, आणि गावाचं काम त्या दारात सांगायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. ज्याचं माणूस गेलं त्याला दहा दिवस गावानं एकटं सोडायचं. चांगला रिवाज होता तो. रायनाकानं तो आयुष्यभर पाळला होता, त्याच्या बापानं पाळला होता.

त्यानं हलगी घोंगडीखाली झाकली. घरांतून बायांचं रडणं ऐकू येत होतं. थोडा वेळ तो तिथं उभा राहिला. मग मागं वळला, ओढा ओलांडून या वडाखाली आला, आणि इथून हलगी वाजवून दवंडी दिली. वारा समोरून होता. त्याला वाटलं, एवढा आपला आवाज, जाईल.

देवळापाशी पाटील पान लावत बसले होते. त्यांनी विचारलं, "कुंभारवाड्यात दिलीस?"

"दिली, पाटील."

खोटं नव्हतं. दिली होतीच.

दुसऱ्या दिवशी राणोजीचं दहावं होतं. सकाळीच सगळी भावकी ओढ्यात उतरली, एकोणीस माणसं. पिंड मांडला आणि कावळ्याची वाट बघत बसले. कावळे आले, समोरच्या बाभळीवर बसले, पण एकही खाली उतरेना. राणोजीची इच्छा कशात अडकली असेल ते एकेक जण बोलून बघू लागला. थोरला म्हणाला, "बाबा, चाक मी चालू ठेवीन." धाकटा म्हणाला, "आईला अंतर देणार नाही." राणोजीची बहीण पुढं झाली आणि रागानं म्हणाली, "दादा, जिता असताना जेवायला बसवून ठेवायचास, आताबी बसवून ठेवतोस का? शीव की रं." थोडी माणसं हसलीसुद्धा म्हणे. कावळा शिवेना.

यावर गावात दोन बोलणी आहेत. काही म्हणतात, राणोजीनंच त्यांना धरून ठेवलं. काही म्हणतात, राणोजी सांगत होता की उठा, पिंड राहू द्या, वर जा, आणि त्यांना ते कळलं नाही. मी दोन्ही ऐकत आलोय. मला दुसरं खरं वाटतं, आणि ते जास्त वाईट आहे.

सूर्य कासराभर वर आला. वर सांडव्यावर कुदळ पडली.

पांढरीवरून लोकांनी पाणी जाताना पाहिलं, पण ओढ्याचं पात्र खोल, तळाशी कोण बसलंय ते वरून दिसत नाही. त्यांना वाटलं, कुंभारवाडा रिकामा आहे. देवळाच्या माळावर सहा आळ्यांची गर्दी, त्यात सातवी, कुंभारवाड्याची, नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या प्रहरी बाभळीला अडकलेलं पागोटं कुणीतरी ओळखलं, तेव्हा गावाला कळलं.

एकटी ठकूबाई वाचली. राणोजीची सून. अंगात ताप होता म्हणून ती ओढ्यावर गेली नव्हती, आव्याच्या छपरात पडून होती. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. ती उंचावर बांधतात, ओल लागू नये म्हणून. तिथंच पाणी पोचलं नाही.

रायनाक तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "रायनाकदादा, काल सांजच्याला वडापाशी हलगी वाजवलीस. कशाची होती रं? हलगी आली ऐकू. बोल आले न्हाईत. आमी म्हनलं, गावात काय असंल ते असू दे, आपल्याला सुतक हाय."

तेव्हा त्यानं तिला दवंडी सांगितली. शब्द न् शब्द, जशी द्यायची तशी. उद्या सकाळी सांडवा उकरायचा हाय, ओढ्याकाठच्यांनी देवळाच्या माळावर यायचं. तो उद्या होऊन गेला होता. तिनं पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोचलं."

त्याच जागी रायनाकानं शपथ घेतली असं सांगतात. इथून पुढं दवंडी 'दिली' असं मी म्हणणार नाही. समोरून 'पोचलं' आल्याशिवाय दारातून हलणार नाही. पोचलं आलं की हलगीवर एक थाप मारीन, म्हणजे गावाला कळेल. आणि सुतकाच्या घरी सगळ्यांच्या आधी जाईन, हलगी झाकून, अनवाणी, तोंडानं सांगायला.

गावानं ते मानलं. पाटलांनीही मानलं. ते पुढं कायम म्हणायचे म्हणे, "त्यानं दिली म्हटलं आणि मी पानाला चुना लावायला लागलो. काय म्हणाले, एवढं विचारलं असतं तर?"

ठकूबाई काही पांढरीवर राहायला आली नाही. पडक्या कुंभारवाड्यात आव्याशेजारी खोप करून बावीस वर्षं राहिली. एका बाईसाठी रायनाक दर दवंडीला वडाखाली यायचा. सोमवारी बाजार भरणार नाही. पाटलाचा तांबडा बैल सुटलाय, दिसला तर बांधून ठेवा. विहिरीचा गाळ काढायचाय, घरटी एक माणूस. पहिली काही वर्षं ती पलीकडून ओरडायची, "आज कुनाला बुडवायचंय रं?" आणि मग थांबून, "पोचलं." तो मान खाली घालून थाप मारायचा आणि जायचा. पुढं ते बोलणं बंद झालं, नुसतं 'पोचलं' राहिलं. अगदी शेवटी शेवटी ती विचारायची, "गुडघं दुकत्यात का?" तो म्हणायचा, "दुकत्यात." त्याहून जास्त ते दोघं कधी बोलले नाहीत.

एका चैत्रात ठकूबाई गेली. गावानं तिचं सगळं केलं. सुतक पाळायला भावकीतलं कुणी उरलं नव्हतं, ते रायनाकानं पाळलं.

त्यानंतरची पहिली दवंडी जत्रेची होती. जत्रा यंदा पौर्णिमेला नाही, पंचमीला. एवढीच. रायनाकानं पांढरी केली, दारोदार पोचलं घेतलं, आणि वडाखाली आला. पलीकडं खोप रिकामी. त्यानं दवंडी दिली आणि उभा राहिला.

लोकांना वाटलं, सवयीनं गेला असेल, येईल. दुपार झाली तरी येईना तेव्हा चार जण आले. "रायनाकबाबा, चला की. कुनी न्हाई तिथं."

"ठावं हाय मला."

"मग थांबलाय कशाला?"

"पोचलं आलं न्हाई."

त्यांनी मागूनच ओरडून सांगितलं, "पोचलं!" तो वळलासुद्धा नाही. म्हणाला, "हे पांढरीचं पोचलं. ते सकाळीच घेतलं मी. मला तिकडचं पायजे."

चैत्रातलं ऊन. लोकांनी पाणी आणलं, तो प्यायला. भाकरी आणली, ती त्यानं पारावर ठेवून दिली. त्याची बायको येऊन हात धरून ओढायला लागली, तर तिला म्हणाला, "मागल्या खेपंला मी न थांबता गेलतो." तिनं त्याचा हात सोडला.

दुसऱ्या दिवशी हे हैबती पाटलांच्या कानावर गेलं. ते तेव्हा फार थकले होते, डोळ्यांनी दिसत नव्हतं. ते उठले, काठी घेतली. त्यांना एकदम कळलं म्हणे, की हे उत्तर कुणी द्यायचं. पोरं म्हणाली, आम्ही पलीकडं जाऊन ओरडतो. पाटील म्हणाले, "तुम्ही कशाला? कुदळ मी मारायला सांगितली होती." ओढ्यातल्या दगडांवरून चाचपडत, दोनदा पडत, ते पलीकडं गेले. आव्यापाशी उभे राहिले, पांढरीकडं तोंड केलं आणि म्हातारपणाचा होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाले, "पोचलं."

थापेसाठी ते थांबले. थाप आली नाही.

माणसं वडाकडं पळाली. रायनाक पाराला टेकून बसला होता, हलगी मांडीवर, हात हलगीवर. गेला होता. पाटलांचा शब्द त्याच्या कानावर पडला का नाही, यावर गावात अजून वाद होतो. माझे आजोबा म्हणायचे, पडला असता तर थाप मारल्याशिवाय तो गेला नसता. आजी म्हणायची, हात हलगीवर होता ना, मग. मी काय बोलू? मी त्याच घरातला. मला आजीचं बोलणं खरं असावं असं वाटतं, आणि रात्री आजोबांचं आठवतं.

तेव्हापासून रिवाज पडला. गावाची कुठलीही खबर असू दे, ती पारावरून कुंभारवाड्याला सांगायची. आणि गावचा जो कोणी मुख्य असेल, आधी पाटील, आता सरपंच, त्यानं स्वतः ओढा ओलांडून पलीकडं उभं राहायचं आणि पोचलं म्हणायचं. कोण किती कामात आहे ते बघायचं नाही. वैजयंताबाई पाय मोडला होता तेव्हा कुबडी घेऊन गेल्या होत्या. तिथं एवढी वर्षं ऐकायला माणूस नव्हता, रुईची झाडं होती. तरी खबर द्यायची.

मग प्लॉट पडले, तुम्ही राहायला आलात. पंचायतीनं मोबाईलवर गट केला, त्यात सगळी माहिती येते. दोन निळ्या रेघा दिसल्या की पोचलं असं धरतात, असं शिवदास सांगतो. मला त्यातलं कळत नाही. असेलही. पण हलगी कानावर येणं निराळं आणि बोल पोचणं निराळं, एवढं आमच्या गावाला एकोणीस माणसं देऊन कळलंय.

तुम्ही आलात तेव्हा वैजयंताबाई म्हणाल्या, आता तिकडं माणसं आहेत, मी कुंभारवाड्याच्या वतीनं बोलणं बरं नाही, त्यांचं त्यांनीच बोलावं. म्हणून त्या हल्ली पलीकडं येत नाहीत. आणि शिवदास तुमच्या घरांकडं बघत उभा राहतो. तुम्ही खिडक्या लावून घेता. गेल्या बुधवारी चार तास उभा होता, शेवटी घरच्यांनी हाताला धरून नेला. त्याचं वय बावन्न आहे. रक्तदाबाची गोळी खातो.

उद्याही तो येईल. थोरला तलाव यंदा काठोकाठ आहे. मंगळवारी सकाळी दहाला सांडव्याची दारं उघडायची आहेत, ओढ्यात कुणी उतरायचं नाही, कपडे धुवायला नाही, गाडी धुवायला नाही. तीच खबर आहे.

त्याला चहा देऊ नका, आत बोलावू नका, त्याला ते नको आहे. कुणीतरी एकानं गच्चीवर यायचं, दवंडी पुरती ऐकायची, आणि पांढरीकडं तोंड करून म्हणायचं, पोचलं. आजही त्या शब्दावर हलगीची एकच थाप पडते. ती ऐकू आली की तो घरी जातो.