रंभाजीची हत्तीण

फार फार पूर्वी, राजे हत्तीवरून फिरत आणि लोक संध्याकाळी खेळ बघायला मैदानात जमत, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एका राज्यात रंभाजी नावाचा माणूस राहत होता. त्याला गाता येत नव्हतं, नाचता येत नव्हतं आणि ढोलकी हातात दिली तर ती नुसती खोकायची. पण माणसं कशी जमवावीत आणि त्यांच्याकडून खेळ कसा उभा करून घ्यावा, हे त्याच्यासारखं कुणालाच जमत नव्हतं.

बाजारात कस्तुरा नावाची कासारीण बांगड्या विकायची. "बांगड्या घ्या गं" हे ती अशा सुरात म्हणायची की हात भरलेल्या बायकाही थांबायच्या. पिंपळाच्या पारावर भिवबा न्हावी बसायचा. तो गिऱ्हाइकांना इतकं हसवायचा की वस्तरा गालावर ठेवायची पंचाईत. रंभाजीनं या दोघांना एकत्र आणलं, दोन-चार वाजवणारे गाठले आणि गुरांच्या बाजारात पहिला खेळ लावला. भुताला घरकामाला लावणाऱ्या एका सुनेची गोष्ट होती. लोक इतके रंगले की बैल विकायला आलेले बैल विसरून घरी गेले.

मग काय! या जत्रेतून त्या जत्रेत, या गावातून त्या गावात, रंभाजीचे खेळ गाजू लागले. राजाच्या कानावर त्याचं नाव गेलं. राजानं त्याला बोलावून घेतलं, शालजोडी दिली आणि राजवाड्याशेजारी मोठं नाट्यगृह बांधून दिलं.

शालीबरोबर रंभाजीच्या अंगात एक नवी सवयही शिरली. तो स्वतःला 'आम्ही' म्हणू लागला. "आम्हाला भूक लागली," "आम्हाला हे गाणं पसंत नाही." त्याच्या डोक्यावर छत्री धरायला एक माणूस आला. सावलीतसुद्धा तो छत्री धरायचा.

एकदा शेजारचा राजा पाहुणा म्हणून यायचा होता. दोन्ही राज्यांत नदीच्या घाटावरून जुना तंटा होता आणि तो मिटवायचं ठरलं होतं. राजानं रंभाजीला सांगितलं, "पाहुणे खूश होतील असा खेळ कर."

रंभाजीनं समुद्रमंथन करायचं ठरवलं. नाट्यगृहाच्या अंगणात मोठा हौद खणून पाणी भरलं. बांबूचा आणि कापडाचा मंदार पर्वत केला. समुद्रातून ऐरावत निघतो, त्यासाठी राजाच्या हत्तीखान्यातली खरी हत्तीण मागून आणली. तिचं नाव रत्नमाला.

कस्तुरा म्हणाली, "मालक, वैशाखाचं ऊन आहे. हत्तीण एकदा पाण्यात शिरली की बाहेर कशाला येईल?"

"तू गाणं म्हण," रंभाजी म्हणाला. "हत्तीचं आम्ही बघतो. आणि हो, तुझं गाणं निम्मं कापलंय. हत्तीला वेळ हवा."

खेळाचा दिवस आला. दोन्ही राजे पुढे बसले. मागे सगळी राजधानी लोटली. देव एका बाजूला, दानव दुसऱ्या बाजूला, वासुकी म्हणून जाडजूड दोर. मंथन सुरू झालं. रत्नमाला पाण्यात बसलेलीच होती, आता फक्त तिनं बाहेर यायचं होतं.

ती आली नाही. तिनं डोळे मिटले आणि आडवी झाली.

हौदातलं पाणी काठावरून सांडलं. मंदार पर्वत तरंगत निघाला. दानवांच्या दाढ्या सुटून पाण्यावर पोहू लागल्या. इंद्र पाय घसरून पडला आणि त्याला काढायला वाकलेला दानवांचा बळीराजाही त्याच्या पाठोपाठ गेला. रंभाजी सज्ज्यातून ओरडला, "रत्नमाले, ऊठ! आम्ही हुकूम देतो!"

रत्नमालेनं सोंड भरली आणि लाडात येऊन फवारा सोडला. तो नेमका पाहुण्या राजावर. मुकुटापासून मोजड्यांपर्यंत राजा ओलाचिंब झाला.

लोक हसून हसून गडबडा लोळले. पाहुणा राजा मात्र उठला, रथात बसला आणि निघून गेला. तंटा होता तिथेच राहिला.

राजा संतापानं लाल झाला होता. "रंभाजी, पुन्हा या राजधानीत खेळ केलास तर बंदीखान्यात घालीन!"

रंभाजीनं काय करावं? त्यानं कस्तुराला दोष दिला, तिचं बोलणं अपशकुनी म्हणून. भिवबाला दोष दिला, तो हसला म्हणून. रत्नमालेलाही दिला. तिनं शांतपणे कान हलवले. कस्तुरा आणि भिवबा मात्र गप्प बसले नाहीत. त्यांनी आपापली बोचकी उचलली आणि ते चालते झाले. छत्रीवाला तर कधीच पसार झाला होता.

रंभाजीनं राजधानी सोडली. तोंड लपवत तो दूरच्या एका धर्मशाळेत पोहोचला आणि तिथे पाणी भरू लागला, लाकडं फोडू लागला. नाव विचारलं की भलतंच सांगायचा. वाटसरू जोरात हसले तरी त्याला वाटायचं, आपल्यालाच हसताहेत. कितीतरी दिवस त्याला घास गोड लागला नाही.

एका संध्याकाळी ओसरीवर वाटसरू टेकले होते. त्यांच्यातला एक घोंगडीवाला म्हणाला, "अहो, एका हत्तिणीनं राजाला भिजवलं. कुठल्याशा खेळात. पाण्यात बसली होती म्हणे."

कुणी हसलं नाही. एकानं नुसतं "असं का?" म्हटलं.

कोपऱ्यात लाकडं रचणाऱ्या रंभाजीचे कान तापले. आपली फजिती इथवर आली याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठं दुःख हे की ती इतकी वाईट सांगितली जात होती! त्याला राहवेना.

"अहो," तो पुढे येऊन म्हणाला, "शेवट आधी सांगितल्यावर गोष्टीत काय राहिलं? आधी ऊन सांगा. मग हौद. मग त्या मालकाची छत्री."

आणि तो सांगू लागला. सावलीतली छत्री सांगितली, तरंगता पर्वत सांगितला, पोहणाऱ्या दाढ्या सांगितल्या. ओसरी हसून दणाणली. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "अरे लेकरा, पण तो मालक काय करत होता तेव्हा?"

रंभाजी थबकला. मग त्यानं छाती फुगवली, हात वर केला आणि ओरडला, "रत्नमाले, ऊठ! आम्ही हुकूम देतो!"

म्हातारी हसून मागे कलंडली. आणि रंभाजीलाही हसू फुटलं. आधी थोडं, मग आवरेना इतकं. छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उतरवावा तसं त्याला वाटलं. त्या दिवशी तो दोन भाकऱ्या जास्त जेवला.

सकाळ होताच तो निघाला आणि थेट कस्तुराच्या बांगड्यांच्या दुकानापुढे उभा राहिला.

"कस्तुरा, हत्तीण बाहेर येणार नाही, असं तू म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

"ती आली नाही."

"बघितलं मी. माझं लुगडं अजून वाळतंय."

रंभाजीनं हात जोडले. "माझं चुकलं. मी तुझं ऐकलं नाही, आणि वर तुलाच बोललो. मला याच फजितीचा खेळ करायचाय. येशील का?"

कस्तुरानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. आज तो 'मी' म्हणाला होता. "त्या गर्विष्ठ मालकाचं सोंग कोण घेणार?"

"मीच."

"मग येते. ते बघायला तरी येतेच. आणि माझं गाणं अख्खं राहील."

भिवबाला फारसं विचारावं लागलं नाही. तो वस्तरा ठेवून उठला. गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच राहिली.

राजधानीत बंदी होती, म्हणून त्यांनी नदीपलीकडच्या वाळवंटात खेळ लावला. या वेळी हत्तीण गोणपाटाची होती, आत दोन गडी. हौदाच्या जागी एक घंगाळ. लोक नावा भरभरून येऊ लागले. अखेर एका संध्याकाळी स्वतः राजाच राणीला घेऊन आला. खेळणाऱ्यांची बोबडी वळली, कारण खेळात राजाही होता, लालबुंद होऊन थयथयाट करणारा.

राणी पहिल्यापासून हसत होती. राजा गप्प होता. खेळ संपल्यावर तो राजाचं सोंग घेतलेल्या भिवबाजवळ गेला. "मी इतका जाडा आहे?"

"नाही, सरकार," भिवबा म्हणाला, "पोटावर उशा बांधल्यात."

"किती?"

"दोन."

"एक पुरे," राजा म्हणाला, आणि एवढा वेळ दाबलेलं हसू त्याच्या तोंडून फुटलं. हसता हसताच तो गंभीर झाला. "रंभाजी, बंदी उठवतो. पण तुझ्या खेळानं माझा शेजारी तुटला, तो तूच जोडून दे. हाच खेळ त्याच्यापुढे कर."

"आणि ते चिडले तर?"

"तर तो तुझं डोकं मागेल. म्हणून जा म्हणत नाही. जाशील का, विचारतो."

रंभाजीनं नकळत आपली मान चाचपली. पण मोडलेलं आपणच मोडलं होतं. तो गेला. त्यानं सोबत्यांना सांगितलं, "ज्याला यायचं नाही, त्यानं खुशाल मागे राहावं." कुणीच मागे राहिलं नाही.

शेजारच्या राजाच्या दरबारात खेळ झाला. गोणपाटाच्या हत्तिणीनं पाहुण्या राजाचं सोंग घेतलेल्यावर पाणी उडवलं, तेव्हा सगळा दरबार श्वास रोखून सिंहासनाकडे बघू लागला. राजाचा चेहरा हलला नाही.

रंभाजी पुढे आला आणि वाकून म्हणाला, "महाराज, त्या दिवशी खरा मूर्ख कोण होता, ते आज सगळ्यांसमोर दाखवलं. चूक हत्तिणीची नव्हती, आमच्या राजांचीही नव्हती. ती माझी होती."

राजा सिंहासनावरून पुढे झुकला. मग म्हणाला, "एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. त्या दिवशी काय ऊन होतं! अंगावर जरीचा अंगरखा, डोक्यावर मुकुट. तुझ्या त्या अख्ख्या खेळात मला आवडलं ते फक्त पाणी!"

आणि तो असा हसला की मुकुट घसरून नाकावर आला. त्याच आठवड्यात दोन्ही राजे घाटावर भेटले आणि घाट दोघांनी मिळून वापरायचं ठरलं. रंभाजीचे खेळ मग दोन्ही राज्यांत होऊ लागले, आणि नव्या खेळात काय खटकतं हे तो सगळ्यांत आधी कस्तुराला विचारू लागला.

बोध: आपली चूक जो हसतमुखानं कबूल करतो, तो पडला तरी पुन्हा उभा राहतो.