झाकणाची भट्टी

प्राणी बाजार भरवत, त्या काळची गोष्ट. एकट्या राहणाऱ्या झिपरू अस्वलाची शेगडी फुटली. साळिंदराच्या दुकानातली चिनीमातीची जाडजूड भट्टी पाहून तो हरखला.

"निखारा तासन्‌तास टिकतो, झिपरूभाऊ! झाकण लावलं की धूर आतच. रताळी भाजा, शेजाऱ्यांना वाससुद्धा लागणार नाही!"

झिपरूचा चेहरा पडला. रताळ्यांचा वास सुटला की ससा, मुंगूस, घोरपड आपसूक त्याच्या अंगणात जमत. तोंडाने बोलवायची त्याला भारी लाज वाटे.

"भट्टी दे," तो अखेर म्हणाला. "झाकण ठेव तुझ्याकडेच."

"अहो, मग वास पार माझ्या बिळापर्यंत येईल!"

"आला की निघायचं," झिपरू म्हणाला. "मीठ तेवढं आण."