पहिल्या दिवशीची चटई

अगं थांब, चप्पल घालू नकोस अजून! काय झालंय ते आधी ऐक तरी. एका गावात एक कासार होता, बांगड्या विकायचा. त्याच्या घरी जे घडलं ना, ते तुला सांगितल्याशिवाय मला चैनच पडेना!

त्या गावात शाळेचा एक नियम होता. गुढीपाडव्याचा सूर्य उगवताना ज्या पोराला पाच वर्षं पूर्ण, ते त्याच दिवशी शाळेत. ज्याला नाहीत, ते पुढच्या पाडव्याला. आणि कासाराला झाल्या जुळ्या मुली, त्याही नेमक्या पाडव्याच्या पहाटे! थोरली सूर्य उगवायच्या जरा आधी, धाकटी जरा नंतर. म्हणजे बघ, आई मध्ये जेमतेम घोटभर पाणी प्यायली असेल, आणि नियमानं दोघींत अख्खं वर्ष घातलं!

झालं. पाच वर्षांनी थोरली शाळेत, धाकटी घरी.

शाळेत पहिल्याच दिवशी गुरुजी प्रत्येकाची चटई ठरवायचे. पाटी नीट धरली, पटापट उत्तरं दिली, की पुढची चटई. अडखळलं की मागची, अगदी दाराजवळची. तिथे बाहेरच्या गाढवांचा आवाज जास्त आणि गुरुजींचा कमी! आणि एकदा मिळालेली चटई शाळा संपेपर्यंत तीच. गुरुजी वाईट नव्हते हां. पहिल्यापासून तसंच चालत आलं होतं.

थोरली वर्गात सगळ्यांत लहान. तिच्या हातून पाटी पडली, ती रडली. मागची चटई. पुढच्या वर्षी धाकटी गेली, ती वर्गात सगळ्यांत मोठी. पाटी घट्ट धरली, धडाधडा बोलली. पुढची चटई!

वर्षं गेली. शाळा संपली की त्या वर्गाची बैलगाडी राजधानीला जायची, तिथल्या विद्यालयाची परीक्षा द्यायला. पण गाडीत बसायचे फक्त पुढच्या चटईवाले. थोरलीला ताऱ्यांचं गणित शिकायचं होतं, आणि ते फक्त तिथेच शिकवत. तिचं वर्ष आलं, गाडी भरली, तिला कुणी हाकसुद्धा मारली नाही.

कासार म्हणाला, "चल पोरी, उद्यापासून दुकानात बस. मागच्या चटईवरून कुणी राजधानी पाहिलीय का?"

तेवढ्यात धाकटी धावत आली आणि तिनं बैलाचा कासराच धरला!

"गुरुजी, आम्ही जुळ्या ना? मग मी हुशार आणि ती कच्ची, असं कसं?"

गुरुजी हसले. "अगं, हाताची पाच बोटं सारखी असतात का?"

"पण ती कच्ची आहे हे ठरवलं कधी?"

"पहिल्याच दिवशी. हातातून पाटी पडली होती तिच्या."

"त्या वर्षी माझ्याही हातून पाटी पडायची, गुरुजी! पण मी घरी होते. मला कुणी बघितलं नाही, एवढंच."

गुरुजींचं हसू गेलं. ते गाडीतल्या पोरांजवळ आले. "काय रे, तुझा जन्म कोणत्या महिन्यातला?"

"चैत्रातला."

"तुझा?"

"चैत्रच."

"माझा वैशाख!"

मग गाडी बघायला धुळीत उभे होते ना, ते मागच्या चटईवाले, त्यांना विचारलं. "फाल्गुन." "माघ." "फाल्गुन, गुरुजी." सगळेच नाही हं, एक-दोघं उलटेही निघाले. पण बाकीचे? पुढच्या चटईवाले वयानं मोठे, मागचे जवळजवळ वर्षानं लहान!

मग गुरुजी थोरलीला म्हणाले, "आज नेली तर तू परीक्षेत पडशील, पोरी. इतकी वर्षं माझं निम्मं शिकवणं तुझ्यापर्यंत पोचलंच नाही. चूक माझी. एक वर्ष थांबशील? धाकटीच्या वर्गात, पहिल्या चटईवर?"

हे सगळ्या गावानं ऐकलं. मग काय विचारतेस!

"अगं, आता धाकटीलाच ताई म्हण!"

"एवढी घोडी झाली, आणि पोरासोरांत बसणार!"

थोरलीचे कान लाल झाले. तिनं एकदा बापाच्या दुकानाकडे बघितलं, एकदा निघालेल्या गाडीकडे. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बसली धाकटीच्या शेजारी!

पुढच्या वर्षी दोघी एकाच गाडीतून गेल्या. दोघी पास! धाकटी थोडी पुढे, थोरली तिच्या मागोमाग.

पारावर अजून भांडण चालू आहे. कुणी म्हणतं वर्ष जास्तीचं मिळालं म्हणून थोरली पास झाली, कुणी म्हणतं छे, चटईमुळे. गुरुजींना विचारलं तर म्हणतात, "मलाही कळत नाही बाबांनो, मी बघतोय." नियम तोच आहे, पाडव्याचा. पण आता प्रत्येक बाजाराच्या दिवशी मागची चटई पुढे येते आणि पुढची मागे जाते.

तर यातून घ्यायचं तात्पर्य असं: रेघ कुठेतरी मारावीच लागते, पण रेघेपाशी उभ्या असलेल्या लहानग्याला कच्चं म्हणू नये, वय भरून निघतं, लावलेलं नाव मात्र चिकटून राहतं.

आता खरं सांग हं. सगळं गाव खिदळतंय, आणि तू थोरलीच्या जागी आहेस. बसली असतीस तू धाकटीच्या शेजारी?